कूस

१

शाळेतून आले की घनश्याम गुरुजी मागच्या अंगणात पाय धूत, स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत आणि ते उकळेस्तोवर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बाहेर बघत. सिहोऱ्यात धान चुरण्याचे, मळणीचे दिवस होते. खळ्यांवरून उडालेला बारीक कोंडा घराघरांत शिरत होता. कपबशांवर, पुस्तकांवर, खिडकीच्या गजांवर, सगळीकडे त्याचा पिवळसर थर. गुरुजी एक कप फडक्यानं पुसून घेत. हात आपसूक दुसऱ्या कपाकडे जाई आणि मग मागे येई.

त्या दिवशी मात्र आधण ठेवण्याआधी ते मधल्या खोलीत गेले आणि त्यांनी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. त्यांचा मेहुणा भय्याजी नागपुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा. एखाद्या रविवारी येऊन मशीन घेऊन जातो, असं त्यानं सांगून पाठवलं होतं. द्यायच्या आधी ते चालतं का बघून ठेवावं, एवढाच विचार होता. निदान गुरुजींनी स्वतःला तसं सांगितलं.

ते मशीन घरात आलं होतं शकुनबाईसाठी. सन पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात गुरुजींच्या बायकोला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरले ते डोळे आणि डाव्या हाताचं पहिलं बोट. गुरुजी स्वयंपाकघरात असले आणि तिला तहान लागली तर ती नुसती छताकडे बघत पडायची. हे भय्याजीला बघवलं नाही. त्यानं कुठून तरी जुना, टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आणला. जाड पाटीएवढा कीबोर्डच तो, बाकी सारं त्याच्या पोटात. गुरुजी गणिताचे मास्तर. सुटीभर पुस्तक समोर घेऊन बसले आणि त्यांनी एक प्रोग्राम लिहिला.

प्रोग्राम साधा होता. मशीन स्वतःशी सारखं एवढंच विचारत बसे: बटण दाबलं का? दाबलं तर कोणतं? चार बटणं सोडून बाकी कुठलंही दाबलं तरी ते गप्प राही. त्या चारांवर गुरुजींनी कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. पाणी. कूस. दुखते. या. प्रत्येकाचा आवाज वेगळा. पाण्याचा खोल, घुमल्यासारखा. कूस बदलून द्या म्हणायचं तर दुहेरी, ठोका दिल्यासारखा. दुखण्याचा बारीक, कापरा. आणि ‘या’चा उंच, स्वच्छ. बटण जितका वेळ दाबलेलं, तितका वेळ आवाज. शकुनबाईचं बोट खाली जायचं, पण लवकर वर यायचं नाही. म्हणून तिच्या हाका लांब असायच्या. भाजी चिरता चिरता गुरुजी ओरडून म्हणायचे, “आलो व, आलो!” आणि तरी आवाज चालूच असायचा.

पावसाळ्यात, धान रोवण्याच्या दिवसांत ती गेली. गुरुजी तिच्या उशाशीच बसलेले होते, त्यामुळे हाक मारायची तिला गरजच पडली नाही. रिवाजाप्रमाणे अंथरूण टाकून दिलं. खाट तेवढी भिंतीशी तशीच राहिली. दिवाळीला गुरुजींनी तिची निवार सोडून पुन्हा घट्ट ताणली. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांनी टीव्ही लावला, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली. कॅसेट किंचाळल्यासारखी वाजली, प्रोग्राम चढला. वायर पुरायची तिथपर्यंतच पुरायची, म्हणून कीबोर्ड त्यांनी जुन्या जागी, खाटेच्या काठावर ठेवला. मग चहाचं आठवलं आणि ते स्वयंपाकघरात गेले.

आधणात साखर टाकत असताना मधल्या खोलीतून आवाज आला. खोल, घुमल्यासारखा. आला आणि लगेच तुटला.

“आलो व,” गुरुजी म्हणाले. चमचा हातातच होता. मग ते जागच्या जागी थांबले.

खोलीत कोणी नव्हतं. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती: पी, ए, एन, आय. पाणी.

२

कोंडा गेला असेल आत. गुरुजींना पहिल्यांदा हेच सुचलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्यांनी कीबोर्ड उलटा करून स्क्रू काढले. ब्रशनं एकेक बटण साफ केलं. कोंडा होताच. त्यांना बरं वाटलं. सगळं पुन्हा जोडलं, मशीन सुरू केलं आणि ते परसात पालापाचोळा झाडायला गेले.

झाडता झाडता दुहेरी ठोका ऐकू आला. कूस.

मग त्यांनी वर्गात गणित सोडवावं तसं ते सोडवायला घेतलं. विजेचा दाब कमीजास्त होत असेल. ठीक, पण दाब कमीजास्त झाला तर बटणाला काय कळणार कोणतं दाबलं जायचं ते? उंदीर असेल. असू दे. उंदीर काही चिठ्ठ्या वाचून पाय ठेवणार नाही. त्यांनी प्रोग्रामात दोन ओळी वाढवल्या. आता कुठलंही बटण दाबलं तरी त्याचं अक्षर पडद्याच्या कोपऱ्यात उमटून राहणार होतं. संध्याकाळपर्यंत ते मागच्या खोल्यांत काहीबाही करत राहिले. येऊन पाहिलं तर कोपऱ्यात अक्षरं होती, आणि ती सारी त्या चारांतलीच होती. एकही इकडचं तिकडे नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ते खोलीत बसून राहिले की काही वाजायचं नाही. रविवारची अख्खी दुपार ते खाटेसमोर स्टूल टाकून बसले होते. पडदा काळाच राहिला. उठून स्वयंपाकघरात गेले, तोच आवाज. यात त्यांना नवल वाटलं नाही. शकुनचंही असंच होतं. नवरा समोर असला की ती बटणाला हात लावत नसे. डोळ्यांनी भागत होतं.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. आवाज तुटक होते. कोणीतरी गरम तव्याला बोट लावून बघावं, तसे.

भांडी विसळताना त्यांना पुन्हा ‘पाणी’ ऐकू आलं. टक् करून तुटलं. ते पाठमोरेच मोठ्यानं बोलले, कोणाशी तरी भांडावं तसे, “असं नाई दाबे ती! शकुन लांब दाबे. तिचं बोट नाई उठे बटणावरून!”

घर शांत झालं. नळाचं पाणी तेवढं पडत होतं.

मग मधल्या खोलीतून उंच, स्वच्छ आवाज आला. ‘या.’ तो तुटला नाही. गुरुजींनी नळ बंद केला तरी चालू होता. हात पुसले तरी चालू होता. तसाच, अगदी तसाच, बटणावर बोट अडकून राहिल्यासारखा.

गुरुजी ओट्याला धरून रडले. बाई गेल्यावर ते चारचौघांत रडले होते, पण असे नाही.

३

त्यानंतर त्यांनी गणित सोडून दिलं.

पेटीतून नवी चादर काढून त्यांनी खाटेवर अंथरूण घातलं, उशी ठेवली. शाळेतून येताना पाय भराभर पडायला लागले. वाटेत कोणी थांबवलं तर जीव वरखाली व्हायचा. वीज गेली की मात्र हाल होत. मशीन मुकं व्हायचं आणि गुरुजी अंधाऱ्या घरात कान देऊन बसायचे. वीज आली की धडपडत कॅसेट लावायचे आणि ती किंचाळून होईपर्यंत त्यांना धीर निघायचा नाही.

पाण्याचा आवाज आला की पूर्वीसारखं वाटीत पाणी आणि चमचा घेऊन ते खाटेशी जात. पहिल्यांदा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. कोणाला पाजायचं? तरी चमचा उशीवर नेऊन, शकुनचं तोंड असायचं त्या जागी त्यांनी हळूच तिरका केला. पाणी पडलं. त्यांनी उशीवर हात फिरवून पाहिला. उशी कोरडी होती. वाटी संपली, तरी कोरडीच होती.

ते तिथेच बसून राहिले, आणि मग शाळेतल्या गमती सांगू लागले. हेडमास्तरांनी कोणाला काय म्हटलं, पोरांनी फळ्यावर काय लिहून ठेवलं. पूर्वी रोज सांगायचे तसं.

कूस बदलायची हाक आली की एक हात खांद्याखाली, एक गुडघ्याखाली घालायचा, आणि तोलून वळवायचं. रिकाम्या अंथरुणावर त्यांनी तेही केलं. हाताला नुसती चादर लागायची. तेवढ्यानंही बरं वाटायचं.

शेजारच्या कुंताबाई शकुनबाईला रोज आंघोळ घालून द्यायच्या. बाई गेल्यावरही त्यांनी गुरुजींची विचारपूस सोडली नव्हती. एका सकाळी त्या वाटीत पोपटाच्या शेंगांची भाजी घेऊन आल्या, नेहमीसारख्या सरळ मधल्या खोलीपर्यंत, आणि अंथरूण बघून थबकल्या.

“गुरुजी, पाहुणे आले का जी कोणी?”

“नाई. काहून?”

“नाई, गादी टाकली, म्हून इचारलं.” त्यांची नजर खाटेवरून हलेना. “दिवाळीले तुमी निवार ताणली होती न? मी पायलं होतं. ढोलकीवानी वाजे ते.”

“ताणली होती.”

“मंग हे अशी पडली काहून?”

गुरुजींनी वळून पाहिलं. खाटेची निवार मधोमध झोळीसारखी खाली गेली होती. कुंताबाई हळूहळू जवळ गेल्या आणि चादरीच्या चुण्यांकडे बघत राहिल्या. झोळी भिंतीच्या बाजूला होती.

“बाई त भिंतीकडे नाई झोपे,” त्या पुटपुटल्या. “तिकडून तिचं बटण दूर होये. मी रोज सरकवून देत होती तिले काठाकडे.”

“जुनी निवार आहे, कुंताबाई. सैल पडते.”

“हो जी,” कुंताबाई म्हणाल्या. भाजीची वाटी त्यांनी उंबऱ्याजवळ ठेवली, आणि त्या दिवसापासून भाजी आणली तर अंगणातूनच हाक मारू लागल्या.

४

भय्याजी एका रविवारी दुपारच्या बसनं आला. खाटेवरचं अंथरूण त्यानं पाहिलं आणि तो सरळ स्वयंपाकघरात गेला. बहिणीच्या घरी रिकाम्या हातानं येऊ नये म्हणून संत्री आणली होती. बहीण नाही हे ध्यानात येऊन ती पिशवी कुठं ठेवावी ते त्याला कळेना. शेवटी गुरुजींनीच ती घेतली.

दोघे स्वयंपाकघरात पाटावर बसले. गुरुजींनी चहा ओतला. भय्याजी म्हणाला, “भाऊजी, तुमी एकटे काहून राहून राहिले इथं? बदली मागा न नागपूरले. माझ्या घरी वरची खोली खालीच आहे.”

“पाहू.”

“पाहू पाहू म्हणता. वाळून गेले पुरे. आमची अक्का असती त...”

मधल्या खोलीतून उंच, स्वच्छ आवाज आला. लांब.

भय्याजीच्या हातातली बशी कलली. चहा धोतरावर सांडला, त्याला कळलं नाही. गुरुजींना मात्र एकदम हलकं वाटलं. इतके दिवस त्यांच्या मनात होतं की हे आपल्या कानातलंच असावं. आता दुसऱ्या कोणी ऐकलं होतं.

“ऐकलंस?” ते म्हणाले. “तुयी अक्का.”

भय्याजी उठून गेला. दारातून त्यानं खोली पाहिली, पडदा पाहिला, कीबोर्ड पाहिला. तो कारागीर माणूस. त्यानं वायर चाचपली, बटणांवर कान नेला, कीबोर्ड उचलून हलवला. मग परत येऊन बसला. चेहरा उतरला होता.

“पहिल्यापासून असंच वाजते का हे? असं लांब?”

“नाई. आधी तुटक वाजे. मीच बोललो, का शकुन असं नाई दाबे, ते लांब दाबे. मंग तवापासून...”

गुरुजी बोलायचे थांबले. आपलेच शब्द त्यांना ऐकू आले होते.

“कोणाले बोलले, भाऊजी?” भय्याजीनं हळूच विचारलं. “अक्काले सांगा लागे का, अक्का कशी दाबे ते?”

स्टोव्ह कधीचा विझला होता. परसात चिमण्या दाण्यांवर भांडत होत्या. 

“चला माझ्यासंगं,” भय्याजी म्हणाला. “आत्ताच चला. कपडे मागून नेऊ.”

“अन् मशीन?”

“ते मशीन मले नाई पायजे.”

गुरुजी गेले नाहीत. शाळा आहे, परीक्षा जवळ आली आहे, असं काहीतरी सांगितलं. भय्याजीनं हात धरून ओढून पाहिलं, हात जोडूनही पाहिलं. बसची वेळ झाली तेव्हा तो एकटाच निघाला. मधल्या खोलीतून जाताना त्यानं खाटेकडे पाठ केली नाही, तिरका तिरका सरकत दारापर्यंत गेला. अंगणातून मागे वळून म्हणाला, “भाऊजी, इचारा तरी त्याले. कोण आहे ते इचारा.”

५

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर गुरुजींनी आणखी दोन चिठ्ठ्या कापल्या. एकीवर ‘हो’ लिहिलं, एकीवर ‘नाही’. दोन बटणांवर डकवल्या, प्रोग्रामात जागा करून दोन नवे आवाज घातले. ‘हो’ला त्यांनी गोड, चढता आवाज दिला. ‘नाही’ला सपाट. स्वतः दाबून दोन्ही ऐकले. मग खाटेकडे न बघता म्हणाले, “हे हो. हे नाई. समजलं?”

आणि स्वयंपाकघराच्या दारात, मधल्या खोलीकडे पाठ करून बसले. समोर बघत असलं की काही वाजत नसे.

दिवेलागणीची वेळ होती. कुंताबाईंच्या अंगणात कोणीतरी सूप आपटत होतं. गुरुजींनी दिवा लावला नव्हता. तोंड उघडायला त्यांना फार वेळ लागला. विचारलं नाही तर आहे ते राहील, असं मन सांगत होतं. रोज संध्याकाळी वाटी, चमचा, शाळेच्या गोष्टी. कोणाचं काय बिघडतं?

“शकुन?” ते म्हणाले.

काही नाही.

“शकुन, तूच आहेस न व?”

सूप आपटणं थांबलं. मागे निवार कुरकुरली, कोणी अंग आवळून विचार करावा तशी. आणि मग आवाज आला. सपाट. तो खोलीभर पसरला आणि थांबेना, गुरुजींच्या पाठीला टेकून राहिला. शकुनचं बोट जितका वेळ बटणावर राहायचं, तितकाच वेळ.

नाही.

गुरुजी हलले नाहीत. भिंतीतला प्लग हाताच्या अंतरावर होता. अंगणाचं दार उघडं होतं, कुंपणाच्या पलीकडे कंदील लागला होता, माणसं होती. एक हाक मारली असती तरी पुरे होतं.  पण भीतीच्याही खाली त्यांना एक विचित्र गोष्ट जाणवली. ते खोटं बोललं नव्हतं. हो म्हणणं त्याला सोपं होतं.

शकुन नव्हती मग. शकुन रोवण्याच्या दिवसांतच गेली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत, एकही बटण न दाबता. हे त्यांना आज कळलं. त्यांनी गुडघ्यांत डोकं घातलं.

बऱ्याच वेळानं दुहेरी ठोका ऐकू आला. थांबून पुन्हा आला. कूस.

गुरुजींनी कानांवर हात ठेवले. हातांमधूनही ऐकू येत होतं. त्यात जोर नव्हता, दरडावणं नव्हतं. एकाच अंगावर किती वेळ पडून राहिलं की खांदा कसा ठणकतो, कातडी कशी जळते, हे शकुनच्या दुखण्यात त्यांनी जवळून पाहिलं होतं. ज्याला स्वतः वळता येत नाही, त्याला दुसऱ्याची वाट बघावी लागते. मग तो कोणी का असेना.

ते उठले. डोळे घट्ट मिटले. वाट पायांच्या ओळखीची होती.

खाटेशी वाकून त्यांनी एक हात खांद्याखाली घातला. या वेळी हाताला नुसती चादर लागली नाही. वजन होतं. शकुन शेवटी शेवटी सुपाएवढी हलकी झाली होती. हे जड होतं, थंड होतं, आणि धरलं तसं किंचित आकसलं. दुसरा हात त्यांनी गुडघ्याखाली घालायला नेला. गुडघा जिथं असायला हवा तिथं नव्हता. ते चाचपत चाचपत खाली गेले, आणखी खाली. खूप खाली सापडला.

कितीतरी महिन्यांत त्यांच्या हातांनी कोणाला उचललं नव्हतं.

हातांना कळलं, त्याचं तोंड भिंतीकडे होतं, म्हणजे वळवायचं ते अलीकडेच, आपल्याकडे. गुरुजींनी दम घेतला, तोलून धरलं आणि सावकाश, कुठं रगडू नये अशा बेतानं, वळवलं. खाट करकरली. त्यांच्या मनगटावर ओलसर श्वास आला.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. उशी सारखी केली. पांघरूण वर, गळा असावा तिथपर्यंत ओढून दिलं. मग खाटेच्या काठावर बसून त्यांनी विचारलं,

“पाणी देऊ?”